रिकाम्या स्टुलाची तपासणी

१

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, आणि जुन्या कॉम्प्युटरवर तर मुळीच नाही. म्हणूनच या धंद्यात टिकलो. कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वीचं मशीन माळ्यावरून खाली काढतं, 'यात आमच्या वडिलांचे कागद आहेत, तेवढे काढून द्या' म्हणतं आणि लगेच चालू करायच्या बटणाकडे हात नेतं. मी आधी तो हात धरतो. जुनं मशीन त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून कधी उठवायचं नाही. ते अर्धवट जागं होतं, चार फायली इकडच्या तिकडे करतं आणि कायमचं झोपतं. त्यापेक्षा आपली फ्लॉपी घालावी, मशीन तिच्यावरून सुरू करावं आणि त्याची डिस्क नुसती वाचावी. अशा फ्लॉपीला बूट डिस्क म्हणतात. परक्याच्या घरी जाताना आपली चटई बरोबर न्यावी, तसला हा प्रकार.

माझ्याकडे अशा डिस्कचा एक डबा आहे. प्रत्येकीच्या कोपऱ्यातली छोटी सरकपट्टी मी उघडी ठेवतो, म्हणजे तिच्यावर कुणाला काही लिहिता येत नाही. मशीन कितीही बिघडलेलं असो, माझी डिस्क जशी आत जाते तशीच बाहेर येते. या डब्यामुळे मला सगळे फ्लॉपीवाले म्हणतात. बायको म्हणते, "माणसांनाही तुम्ही तसंच उघडता. आधी आपली फ्लॉपी घालणार, मग बोलणार."

यात काही खोटं नाही. फक्त एकदाच मी एका कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि या वेळचं काम त्याच कागदासाठी होतं.

२

माझी मुलगी ठकी. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण घरात ठकीच. चोवीस वर्षांची आहे, घरीच पुस्तकबांधणी करते, आणि तिला ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांवरून वाचते आणि उत्तर फोनवर टाइप करून दाखवते. टाइप करण्याचा वेग असा, की भांडणात माझं तोंड उघडायच्या आत तिचं उत्तर तयार असतं.

पाच वर्षांची असताना ती हाकेला ओ देत नाही, बोलणंही फार मागे आहे, म्हणून आम्ही तिला तपासायला नेलं होतं. एका चष्म्याच्या दुकानामागे दोन खोल्या होत्या, तिथे कान तपासणारे एक गृहस्थ बसायचे. त्यांनी तिला आवाजबंद खोलीत स्टुलावर बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात वायरचं बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासानं त्यांनी चार्ट हातात ठेवला. ऐकणं उत्तम. "हट्टी आहे, दुसरं काही नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र हरवल्यासारखा होता. मला वाटलं, दमले असतील.

मी घरी येऊन नियम केला. हाकेला ओ दिल्याशिवाय ताट वाढायचं नाही. तीन वर्षं हा नियम चालला. किती वेळा ती उपाशी झोपली ते मी मोजलेलं नाही, बायकोनं मोजलंय. मग ठकी आठ वर्षांची असताना शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे फरशीवर पाडला. अख्खा वर्ग दचकला. ठकी खिडकीतून बाहेर बघत राहिली. त्या संध्याकाळी बायकोनं तो चार्ट माझ्यासमोर टराटरा फाडला.

तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बायको म्हणते, पोरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मी म्हणतो, पाचव्या वर्षी येत होतं, नंतर गेलं. माझ्याकडे पुरावाही आहे. तपासणी करून आल्यानंतर मी पाठीमागून हाक मारली की ती कधी कधी वळायची. क्षणभर उशिरा, पण वळायची.

आता गेल्या आठवड्यात कानाच्या सर्जनबाईंनी नेमका हाच प्रश्न विचारला. त्या कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन करतात. म्हणाल्या, "लहानपणी ऐकलेलं असेल तर मेंदूला आवाजाची ओळख असते, मग मी आनंदानं ऑपरेशन करीन. जन्मापासूनच नसेल, तर या वयात डोक्याला चीर देऊन तिच्या हाती काही लागणार नाही. जुना चार्ट शुक्रवारपर्यंत आणून दाखवा."

म्हणजे चार्ट मिळाला तर ठकीला ऐकू येणार होतं. आणि खरं सांगायचं तर, चार्ट मिळाला तर त्या तीन वर्षांचा माझा गुन्हा निम्मा होणार होता. ठकीला विचारलं, तर तिनं 'आधी मिळू तर दे' एवढंच टाइप केलं आणि ती पुन्हा पुठ्ठा कापायला लागली.

३

बुधवारी सकाळी दुकान उघडता उघडताच मी चष्मेवाल्यांकडे गेलो. कान तपासणारे गृहस्थ म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ते सहा वर्षांपूर्वी वारले.

"मशीन आहे ना अजून?" मी विचारलं.

"आहे की. दादा गेल्यापासून कुणी हात लावला नाही." चष्मेवाले बोलके गृहस्थ. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा, गळ्यात दोरीला तिसरा. "तुम्ही फ्लॉपीवाले ना? मला वाटलं हा धंदा बंद पडला असेल."

"पडेल एक दिवस. तुमच्या दादांनी त्यांचा का बंद केला?"

ते हसता हसता थांबले. "कुणास ठाऊक. एका बुधवारी पाटी काढली आणि माझ्या शेजारी काचा घासायला बसला. कानाचा विषय काढला की उठून जायचा."

त्यांनी मागचं दार उघडून दिलं. सगळीकडे खोकीच खोकी. बोळात खोकी, खिडकीत खोकी, मोरीतसुद्धा फ्रेमांची खोकी रचलेली. टेबलावरचं मशीनही खोक्यांच्या मधून उकरून काढावं लागलं. टेबलासमोर ती आवाजबंद खोली होती. मोठ्या कपाटाएवढी, जाडजूड दाराची, टेबलाच्या बाजूला दुहेरी काचेची लहान खिडकी. आत एक स्टूल, खुंटीवर हेडफोन, त्याच खुंटीवर बटण. बाकी काही नाही. एक खोकं नाही.

मला हे खटकलं. जो माणूस मोरीत माल ठेवतो तो एवढी कोरडी जागा मोकळी का ठेवील?

"इथे नाही काही ठेवलं?"

"ओल आहे आत."

मी आत जाऊन भिंतीला हात लावला. खडखडीत कोरडी होती. स्टुलावर बोटभर धूळ होती, पण ओल नावाला नव्हती. मी हात पुसून बाहेर आलो. खोटं बोलणाऱ्याला लगेच पकडलं की तो पुढचं खोटं जास्त नीट बोलतो.

"काही लागलं तर हाक मारा," जाता जाता ते म्हणाले. "फक्त त्या खोलीत जाऊन दार लावून मारू नका. बाहेर ऐकू येत नाही."

४

मशीन पुसलं, वायरी तपासल्या, डब्यातली चौथी डिस्क आत सरकवली. फ्लॉपी खरडत खरडत फिरली आणि काळ्या पडद्यावर माझी ओळ उमटली. मशीन माझ्या डिस्कवर जागं होतं. त्याची स्वतःची डिस्क गुपचूप पडून होती.

ठकीची फाइल सापडायला वीस मिनिटं लागली. चार्टची आकृती काढायला त्यांचा प्रोग्रॅम लागणार होता, पण आकडे साध्या मजकुरासारखे वाचता येत होते. किती बारीक आवाज ऐकू आला, याचे ते आकडे. जितका आकडा कमी तितका कान तिखट. सर्जनबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं : शून्याच्या आसपास म्हणजे उत्तम, वीसपर्यंत चालतं, सत्तरच्या पुढे म्हणजे बहिरेपण.

ठकीच्या फाइलमध्ये सगळीकडे उणे दहा होतं. दोन्ही कान, खालचे सूर, वरचे सूर, सगळीकडे उणे दहा.

मला रडूच फुटलं. कुणी बघत नव्हतं म्हणून लपवलं नाही. ठकीला ऐकू येत होतं! मी पोरीला उगाच उपाशी ठेवलं नव्हतं. असं वाटलं खरं. पण ते वाटणं पुरती पाच मिनिटंही टिकलं नाही. उणे दहा म्हणजे मशीनला काढता येतो तो सगळ्यात बारीक आवाज. त्याच्या खाली मोजच नाही. आणि एकही आकडा इकडेतिकडे नाही? शंकेची पाल चुकचुकली आणि मी ठकीच्या आधीची फाइल उघडली.

ती एका ब्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची होती. सगळीकडे उणे दहा.

त्याआधीची, त्याच्याही आधीची. तशाच. चार महिने मागे गेलो. चार महिने त्या खोलीत जो जो बसला, त्याचा कान जगातला सर्वांत तिखट कान होता. त्यापूर्वीच्या फायली साध्यासुध्या : कुणाचे तीस, कुणाचे साठ. आणि ठकीच्या नंतरच्याही साध्याच. दुसऱ्याच दिवशी एका बाईंचे पन्नास.

म्हणजे उघड होतं. बटण चार महिने बिघडलं होतं, आपोआप दाबलं जात होतं आणि ठकीनंतर दुरुस्त केलं होतं. त्या माणसाला कळलं असणार. कळूनही त्यानं आम्हाला बोलावून सांगितलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मेलेल्या माणसाला शिव्या देता येतात, उत्तर मात्र मिळत नाही.

पण फाइलच्या तळाशी अजून एक आकडा होता. असली तपासणी करताना मशीन अधूनमधून मुद्दाम आवाज न देता नुसतं थांबतं. कुणी उगाच बटण दाबत असेल तर तिथे पकडला जातो. ठकीच्या तपासणीत अशा रिकाम्या फेऱ्या सहा होत्या. त्यांतल्या एकीतही बटण दाबलेलं नव्हतं.

बिघडलेलं बटण आवाज आला की दाबलं जातं आणि नाही आला की गप्प बसतं, असं होत नाही. त्यासाठी ऐकावं लागतं.

फायलींच्या यादीच्या शेवटी आणखी एक गोष्ट होती. पाटी काढल्यानंतरही तपासण्या थांबलेल्या नव्हत्या. रोज सकाळी एक. नावाच्या जागी काहीच नाही, आणि उत्तराच्या जागी सगळीकडे 'नाही'. वर्षानुवर्षं. शेवटची तारीख सहा वर्षांपूर्वीची. तो गृहस्थ मरेपर्यंत रोज रिकाम्या खोलीचा कान तपासत होता, आणि खोलीनं त्याला एकदाही उत्तर दिलेलं नव्हतं.

५

सर्जनबाईंना आकडे चालले नसते, आकृती हवी होती. त्यासाठी त्यांचा प्रोग्रॅम चालवायला हवा. तो सुरू केला तर 'आवाजाचं कार्ड सापडत नाही' म्हणून बंद पडला. बरोबरच होतं. मशीन माझ्या डिस्कवरून उठलेलं, त्या कार्डाची तिला काय ओळख?

इथे मी चूक केली. माझ्या धंद्यातला माणूसच करील अशी चूक. प्रत्येक मशीनकडे एक सुरुवातीची फाइल असते. उठल्यावर काय काय करायचं, याची यादी तिच्यात लिहिलेली असते. त्यातल्या कार्डाच्या दोनच ओळी मला हव्या होत्या. त्या वाचून, निवडून घ्यायच्या. मी आळस केला. वीस वर्षांत पहिल्यांदा डिस्कची सरकपट्टी बंद केली, म्हणजे तिच्यावर लिहिता येईल, आणि त्यांची अख्खी फाइल न वाचता माझ्या डिस्कवर उतरवली. मग मशीन पुन्हा सुरू केलं.

कार्ड सापडलं. प्रोग्रॅम आपण होऊन उघडला. आणि मी कुठल्याही बटणाला हात लावायच्या आत पडद्यावर तपासणी सुरू झाली. त्यांच्या यादीतली शेवटची ओळ तीच असणार. नावाची जागा कोरी. खाली दोन रकाने, आवाज आणि उत्तर.

चाळीस. त्या खोलीचं दार उघडंच होतं. खुंटीवरच्या हेडफोनमधून डासासारखा बारीक आवाज मलाही आला. म्हटलं, चालू दे, आता रांगेनं 'नाही' येतील आणि संपेल.

आतून 'टक्' झालं. पडद्यावर आलं : हो.

तीस. टक्. हो.

वीस. आता मला काही ऐकू येत नव्हतं. टक्. हो.

दहा. शून्य. उणे दहा. मी कानामागे हात धरून ऐकत होतो. खोलीत माझ्या श्वासाशिवाय काही नव्हतं, आणि मध्येच ते टक्. शाळेत उत्तर आधी येणाऱ्या मुलासारखं, घाई घाईनं.

मी उठून आत गेलो. बटण खुंटीवर लोंबकळत होतं. चिमट्यानं झाकण उघडलं. स्प्रिंग ठीक होती, पत्रे स्वच्छ होते, कुठे जोड नव्हता. परत लावलं. वायर टेबलाजवळच्या खोबणीतून उपटली. उत्तरं बंद झाली. 'नाही, नाही, नाही.' म्हणजे मशीन आपल्या मनानं काही लिहीत नव्हतं. वायर परत लावली. टक्. हो. मग रिकामी फेरी आली. मी श्वास रोखून थांबलो. आतून काही नाही. पुढचा आवाज, उणे दहा. टक्.

मला चष्मेवाल्यांचा संशय आला. एखादी दोरी, एखादं गुपचूप ओढलेलं काहीतरी. मी बोळाशी जाऊन कान दिला. ते दुकानात गिऱ्हाइकाला सांगत होते, "आता खालची ओळ वाचा. नाही दिसत? मग त्याच्या वरची." आणि माझ्या पाठीमागे टक्.

शंका घ्यायला माणूसच उरला नाही. माझ्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

६

तरी मी एक शेवटचं करून बघितलं. हेडफोन आणि बटण खुंटीवरून काढून स्टुलावर ठेवलं. दार ओढून पक्कं लावलं. टेबलाशी येऊन बसलो. आता आतला आवाज बाहेर येणार नव्हता. पडदा माझ्यासमोर आणि त्याच्यावर ती लहान खिडकी.

उणे दहा. हो. मी मान वर केली. खिडकीत बल्बचा चट्टा आणि माझा स्वतःचा चेहरा. त्यातून नीट दिसेना, म्हणून काचेला नाक लावलं.

हेडफोन स्टुलावर नव्हता. स्टुलाच्या वर, हातभर उंचीवर होता. त्याचे दोन्ही कप एकमेकांपासून दूर होते आणि मध्ये लहानशा डोक्याएवढी जागा होती. बटणाची वायर ताठ झाली होती. तो हेडफोन हळूच कलला. आपल्याला कुणी खिडकीतून बघतंय हे कळल्यावर मूल मान वळवून बघतं, तसा.

माझ्या श्वासानं काच धुरकट झाली. बाहीनं पुसली तोवर सगळं होतं तिथे होतं. हेडफोन स्टुलावर, बटण त्याच्या शेजारी. फक्त स्टुलाच्या मधली धूळ पुसली गेली होती.

पळून जायला हवं होतं. पण शुक्रवार डोक्यात होता. मी ती तपासणी थांबवली, ठकीची फाइल उघडली, सुरेख सरळ रेषेची ती आकृती पडद्यावर आणली आणि फोननं तिचा फोटो काढला. मग डिस्क काढून मशीन बंद केलं. दार उघडायला गेलो नाही.

दुकानात चष्मेवाले काच घासत होते. मान वर न करता म्हणाले, "बटण वाजलं?"

मी डब्याचं झाकण लावता लावता थांबलो.

"वाजलं तर." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "दादा रोज सकाळी मशीन लावून ऐकत बसायचा. म्हणायचा, आपल्याकडे एक जण होतं, गेलं. परत आलं तर जागा असू दे, खोली भरू नकोस. मी ओल आहे म्हणून सांगतो लोकांना. काय सांगणार दुसरं? त्यानंतर दादाच्या हयातीत कधी वाजलं नाही हो." मग माझ्याकडे नीट निरखून बघत त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आलं होतं?"

"मी एकटाच आलो होतो," मी म्हणालो.

७

दुपारी घरी पोचलो तेव्हा बायको बाहेर गेली होती. ठकी टेबलाशी बसून एका वहीला शिवण घालत होती. मी समोर बसलो आणि फोनमधला चार्ट दाखवला. तिनं तो मोठा करून पाहिला आणि फोन परत सरकवला.

"तुला आठवतं का तिथलं?" मी ओठ सावकाश हलवत विचारलं. "बटण तू दाबत होतीस?"

तिनं सुई खाली ठेवली. मग टाइप केलं : 'नाही.'

"मग?" मी विचारलं.

ती भराभर टाइप करायला लागली आणि एकेक वाक्य माझ्यासमोर धरत गेली. 'स्टुलावर आधीच कुणीतरी बसलेलं होतं. दिसत नव्हतं, पण मला कडेला बसावं लागलं. बटण माझ्या हातात होतं आणि माझ्या हातावर तिचा हात. ती दाबायची. हात लहान होता, म्हणून मी ती म्हणते.'

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

'तेव्हा मला बोलता येत होतं का? मी तुला हात धरून परत तिथे नेत होते. तू मला ओढून आणलंस.'

मला ते आठवलं. चष्म्याच्या दुकानातून निघताना तिनं घातलेला गोंधळ. हट्टी आहे, हा डॉक्टरी शेरा तेव्हा माझ्या खिशात होता.

'मग ती आपल्याबरोबर घरी आली. तू मागून हाक मारलीस की ती माझ्या खांद्याला हात लावायची. मग मी वळायचे. रोज नाही. कंटाळा आला की नाही लावायची, त्या दिवशी मी जेवायचे नाही. आता कुणी हो म्हणालं की ती खांदा एकदा दाबते, नाही म्हणालं की दोनदा.'

क्षमा मागायला शब्द लागतात, आणि मी ते इतकी वर्षं त्या चार्टच्या भरवशावर साठवलेच नव्हते. मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला. दुसऱ्या हातानं टाइप केलं : 'आज सकाळी तू निघालास, तेव्हा तुझ्या मागोमाग गेली. मला वाटलं, तिथेच राहील. आत्ता तुझ्याबरोबर परत आली.'

खोलीत मी इकडेतिकडे बघितलं नाही. बघायचं नाही, असं ठरवावं लागलं.

तरीही संशय माझी पाठ सोडत नाही. वाटलं, पोरगी ऑपरेशनला घाबरलीय, म्हणून हे रचून सांगतेय. मी म्हणालो, "ठकी, ते जे काही असेल ते असू दे. हा चार्ट दाखवला तर सर्जनबाई ऑपरेशन करतील. करून बघू. कदाचित ऐकू येईल तुला."

तिनं फोन जवळ ओढला. टाइप करताना बोटं चुकत होती, पुसून पुन्हा लिहीत होती.

'नको बाबा. ती बोलते. माझ्या कानाशी तोंड आणून खूप बोलते. रोज. मला तिचा श्वास लागतो कानाला. मला ऐकू येत नाही म्हणून मी राहू शकते. ऐकू यायला लागलं तर ती काय म्हणते ते ऐकावं लागेल.'

तेवढ्यात माझा फोन वाजला. सर्जनबाईंच्या दवाखान्यातून होता. मी उठलो, खिडकीशी जाऊन ठकीकडे पाठ करून उभा राहिलो आणि जमेल तितक्या हळू आवाजात बोललो. तिकडून विचारलं, चार्ट मिळाला का. आजवर कुठल्याही डिस्कबद्दल मी जे म्हणालो नव्हतो ते म्हणालो. "नाही मिळाला. मशीन सुरूच झालं नाही. ऑपरेशनचं राहू द्या."

फोन ठेवून वळलो, तर ठकी माझ्याकडेच बघत होती. तिचा एक खांदा किंचित खाली दबला, एकदा, दोनदा. तिनं फोन माझ्याकडे फिरवला. त्यावर लिहिलेलं होतं, 'बरं केलंस.'

ती दोन शब्दांची शाबासकी मी पुन्हा वाचली. भीती वाटलीच. पण भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. एकोणीस वर्षं या घरात माझ्या मुलीसाठी कुणीतरी कान देऊन होतं, आणि ते मी नव्हतो.